पायाखालचं पेडल
तिसऱ्या खेपेलाही तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीपाशी येऊन थबकला. दाढ आज वाचवली नाही, तर काढावीच लागणार होती. "कोठडीतही एक डॉक्टर होता," तो म्हणाला. "पोलीस मारायचे. हा नाडी बघून सांगायचा, 'अजून सोसेल, चालू द्या.'" बाईंनी सांत्वन केलं नाही. ड्रिल चालवायचं पेडल आपल्या पायाखालून काढून त्यांनी त्याच्या पायाशी सरकवलं. "दाबलंत की चालेल, पाय उचललात की थांबेल. कारण विचारणार नाही." "घरी टीव्हीचा रिमोटही मी ह्यांना देत नाही," सोबत आलेली त्याची बायको पुटपुटली. तो हसून खुर्चीत बसला. ड्रिल फिरलं. लगेच त्यानं पाय उचलला. बाईंनी हात बाजूला घेतला. असं अकरा वेळा झालं. बाहेर पेशंट खोळंबले, पण बाईंना घाई नव्हती. बाराव्या वेळी पाय पेडलवरच राहिला आणि त्यानं आपणहून डोळे मिटले.