पांढरा उजेड

सुनेने घरभर वीज वाचवणारे पांढरे दिवे लावले, ते सासूबाईंच्या काही पचनी पडलं नाही. "घर आहे की दवाखाना?" म्हणत त्यांनी रात्रपाळीला निघालेल्या मुलाला अडवलं आणि स्वयंपाकघरातला जुना पिवळा बल्ब परत लावायला स्टुलावर चढवलं.

"दे इकडे," म्हणत तो आईकडे वळला. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"खाली उतर. तुझे डोळे पिवळे दिसतायत."

"दिवसभर झोपून असतो ना आई, म्हणून."

तरी त्यांनी त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "कावीळ बरीच मुरलीये. इतके दिवस घरात कुणालाच दिसली नाही?"

सासूबाईंनी हातात तसाच राहिलेल्या जुन्या बल्बकडे पाहिलं.

"आमच्याकडे सगळेच पिवळे दिसायचे हो."