पाचवीची ओवी

"शाले, हात लाव गं जात्याला. एकटीनं ओढवत नाही."

आईची ही लहानपणीची हाक शालनच्या कानात अजून होती. म्हणून तर तिनं सांगलीच्या कलादालनात मधोमध जातं मांडलं आणि भोवती पाच पडदे लावले. प्रत्येक पडद्यावर एकेका दिवशी घरी चित्रित केलेली शालनच होती. त्या दिवसापर्यंतचं सगळं जाणणारी, बोलणारी, जिवंत. एकीनं ओवी उचलली की दुसरी पुढची ओळ गाई. एकट्या बाईला पाच जणींची सोबत.

पाचवीपाशी मात्र ओवी अर्धीच राही. ती सारखी मागं वळून दाराकडे बघे, उठायला जाई, परत बसे.

उद्घाटनाला आलेली थोरली बहीण हसली. "चौघी गातायत, आणि ही काय पाहुण्यांची वाट बघतेय?"

"बिघडलीय गं, अक्का. पुसून टाकते आत्ता." शालनचं बोट बटणावर गेलं, मागं आलं, पुन्हा गेलं.

"थांब. ही साडी मी दिलेली. आई गेली त्या दिवशी तू हीच नेसली होतीस." अक्का पडद्याजवळ सरकली. "काय गं बाई, कुणाला बघतेस?"

पाचवीनं दारावरची नजर काढून शालनकडे बघितलं. चौघींचं गाणंही थांबलं.

शालननं बटणावरचं बोट काढून घेतलं.

"आई आतून हाक मारत होती, अक्का. तीनदा. चित्रीकरण मोडेल म्हणून मी उठले नाही. आणि तुला सांगितलं, ती झोपेतच गेली."