प्रोग्रॅमची साफसफाई

त्र्याण्णव सालच्या गळीत हंगामाआधी नेवाशाकडच्या एका साखर कारखान्यात पुण्याहून केळापुरे साहेब आले. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यांनी सुटसुटीत केला. तो तपासायचं काम कारखान्यातल्या सुलभा गाडेकरांकडे होतं.

“साहेब, या ओळी काढू नका. त्या फक्त आपल्या जुन्या कॉम्प्युटर मशीनसाठी आहेत.”

“पुण्याच्या मशीनवर त्यांच्यावाचून चालतं. कचरा आहे हा,” साहेब हसून म्हणाले. चेअरमन आप्पासाहेबांनी मान डोलावली.

हंगाम सुरू झाला आणि मशीन अडलं, तोडणीची यादीच निघेना. साहेब येईपर्यंत प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, असा आप्पासाहेबांचा हुकूम होता. पाथर्डीहून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पाचटाच्या कोप्यांत बसून राहिल्या, शेतातल्या उसाला तुरे येऊन वजन घटू लागलं. मुकादम सहादेव रोज विचारायचा, “बाई, आज तरी कोयता लावायचा का न्हाई?”

शेवटी साहेब आले. त्यांनी त्याच ओळी गुपचूप परत घातल्या आणि मशीन चालू झालं.



‘आपल्या मशीनसाठी खास नवीन ओळी लिहिल्याबद्दल’ आप्पासाहेबांनी साहेबांचा सत्कार ठेवला, आणि हार घालायला सुलभाबाईंना बोलावलं.