घाटाच्या अलीकडून निघालेला ठिपका

"इंजेक्शन कुठवर आलं गं?" खाटेवरून भिकूअण्णांनी धापा टाकत विचारलं.

सुनेनं, इंदूनं, फोनवर पाहिलं. मागण्याआधीच माल धाडणारं ते पुरवठायंत्र मोठं गुणी. कशाचा म्हणून तुटवडा पडू देत नसे. पण दरड कोसळली, आणि इंजेक्शनचा निळा ठिपका घाटापलीकडेच अडकला. तेवढ्यात घाटाच्या अलीकडून एक पांढरा ठिपका निघाला. इंदूनं त्यावर बोट टेकवलं. बांबू, मडकं, कोरं कापड. नाव अण्णांचंच.

"काय गं? रस्ता चुकला की काय मेला?"

"नाही अण्णा. गाडी... निघालीय."

"बघ! उगाच शिव्या घालता यंत्राला. ड्रायव्हरला चहा टाक."

इंदूनं आधण ठेवलं. थोड्या वेळानं दारात हॉर्न वाजला. अण्णांनी सुईसाठी सदऱ्याची बाही वर केली.