बेसूर ओळ

मराठी रॉक म्हणजे प्रद्योत कारखानीस, असं समीकरणच होतं. त्यांची गाणी ऐकून गावोगावच्या पोरापोरींनी गिटार हाती धरली होती. नुकताच जीवनगौरव पुरस्कारही मिळाला होता. आणि अचानक पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. साधं 'पाणी' म्हणायला जात आणि शब्द फुटला नाही की चिडून भिंतीकडे तोंड करत.

"बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत असतं," स्पीच थेरपिस्ट बाई नीलांबरीला म्हणाल्या. "यांचंच एखादं गाणं म्हणून बघा."

नीलांबरी गांगरली. मैदानं दणाणून सोडणाऱ्या या नवऱ्यासमोर ती जन्मात कधी गुणगुणलीही नव्हती. तरी त्यांचा हात धरून तिनं सुरुवात केली, "जागवा रे जागवा..." आणि दुसऱ्याच शब्दाला सूर घसरला.

प्रद्योतच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी तिच्या तळहातावर ताल धरला आणि जड जिभेनं, पण अगदी सुरात, ओळ पुरी केली, "जागवा रे जागवा, झोपलेलं शहर!"

नीलांबरी रडतरडत हसली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि पुढची ओळ तिनं मुद्दाम बेसूर म्हटली.