मास्तर पगार कशाचा घेतात?

“मग मास्तर, तुम्ही पगार कशाचा घेता?”

डिप्टीसाहेबांनी विचारलं आणि बाळकुमच्या देवळाच्या ओसरीवर भरलेली शाळा चिडीचूप झाली. भिकाजीपंतांनी गालातलं सुपारीचं खांड या बाजूचं त्या बाजूला सरकवलं, पण तोंड उघडलं नाही.

झालं होतं ते एवढंच. तपासणीला आलेल्या साहेबांनी गोविंदाला उभं करून विचारलं, “मास्तर काय शिकवतात?” आणि गोविंदाने छाती पुढे काढून सांगितलं, “काय नाय शिकवीत. गप बसतान.”

या उत्तराला भिकाजीपंतांशिवाय दुसरं कोणी जबाबदार नव्हतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून ते नवी पद्धत शिकून आले होते. मुलांना गोल बसवावं, मध्ये एक प्रश्न टाकावा, मुलांनी आपसांत चर्चा करून उत्तर शोधावं, मास्तराने मध्ये तोंड घालू नये. पद्धत उत्तम होती. अडचण एकच, ती राबवायला भिकाजीपंत होते. चर्चेचे फायदे समजावून सांगताना ते असे रंगत की चर्चेला वेळच उरत नसे. प्रश्न टाकला तरी पोरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पंतांना उत्तर सुचे, आणि सुचलेलं पोटात ठेवणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असं त्यांचे वडील म्हणत. पंत जन्मभर कुळीथच विकत आले होते.

मागच्या तपासणीला शेरा पडला. शिक्षक बोलतात, मुले बोलत नाहीत. सुधारणा न दिसल्यास मोखाड्यास बदली. मोखाडं म्हणजे रान आणि हिवताप. पंतांच्या पत्नी रखमाबाईंनी नुसत्या नावानेच अंथरूण धरलं. पंतांनी गालात सुपारी धरली आणि जीभ आवरली.

मग नवल झालं. पंत गप्प बसले की पोरं भराभरा बोलू लागत. त्यांनी चुकून एक शब्द काढला की सगळी मुकी. असं का होतं ते पंतांना कळलं नाही, पण हा आपल्या पद्धतीचाच गुण, असं म्हणून त्यांनी आपली पाठ थोपटून घेतली. पोरं भांडून भांडून त्रैराशिक शिकली, नकाशात गंगा-यमुना शोधू लागली. दिवसभर तुंबलेलं पंतांचं बोलणं मात्र रोज संध्याकाळी रखमाबाईंच्या पदरात पडे.

तर आता साहेबांचा प्रश्न मध्ये पडला होता आणि मास्तर गप्प होते. बाळकुमच्या पोरांना याचा एकच अर्थ ठाऊक होता. ती सरसावून गोल बसली.

“साहेब इचारतान, मास्तर पगार कनाचा घेतान,” गोविंदा म्हणाला. “बोला रं.”

“शाला झारतान त्याचा,” धाकूने सुरुवात केली.

“झारू त आपून मारतो.”

“फल्यावर लिवतान.”

“ता काळुराम पन लिवतो. त्याचा अक्षर चांगला हाय.”

“मंग हिशोब?”

“हिशोब तू मना शिकवलास. मास्तर खांबाला टेकून बसलं व्हतं.”

डिप्टीसाहेब डोळे विस्फारून बघत होते. पंतांच्या घशाशी एक भलंमोठं व्याख्यान येऊन ठेपलं होतं. अरे कृतघ्नांनो, खांबाला टेकून गप्प बसायला काय सोसावं लागतं ते मला विचारा! पण ते बोलले असते तर पोरं मुकी झाली असती, आणि मोखाडं कुठे पळून जात नव्हतं. त्यांनी सुपारी कडकन फोडली. वाईट म्हणजे चर्चा फार चांगली चालली होती. प्रत्येक मुद्द्याला पुरावा होता, कोणी कोणाला तोडत नव्हतं. दुसऱ्या कुणा मास्तराची अशी सालटी काढली जात असती तर पंतांनी पोरांना पेढे वाटले असते.

“मंजे मास्तर नसलं तरी चालंल,” शेवटी गोविंदाने निकाल दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

साहेबांनी टाक शाईत बुडवला. “ठरलं तर. यांना मोखाड्याला पाठवतो. तुम्हाला दुसरे मास्तर देतो.”

पोरांचे चेहरे खर्रकन उतरले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुन्हा डोकी एकत्र आली, पण या वेळी सगळं कुजबुजत. पंतांना एक शब्द ऐकू येईना. आणि त्यांना एकदम जाणवलं, की आपल्याला हिवतापाचं एवढं काही वाटत नाही. ही पोरं उद्या भांडताना आपल्याला ऐकायला मिळणार नाहीत, याचंच वाईट वाटतंय. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी उपरण्याने टिपलं.

गोविंदा उठला. “साहेब, दुसरं नको. हेच मास्तर ऱ्हाऊ द्या.”

पंतांचा ऊर भरून आला. शेवटी गुरू तो गुरूच! बोलोत न बोलोत, लेकरांना माया कळते. त्यांनी साहेबांकडे जरा ताठ मानेने पाहिलं.

“का रे?” साहेबांनी विचारलं. “आत्ता तर म्हणालात, नसले तरी चालेल.”

“हे बोलाला लागले का आमी सगल्यांनी तोंडा मिटाची, ता आमचा ठरलेला व्हता,” गोविंदा म्हणाला. “तवा कुठं गप बसाला शिकले. आख्खा वरीस गेला, साहेब. नवीन आला त त्याला परत पयल्यापासून कोन शिकवल?”