पुलाच्या दगडावरचं नाव

तिसऱ्या आजोबांनी चष्मा पुसला आणि कागद हातात घेतला.

"मी हे एका दमात वाचणार," ते म्हणाले. "जीभ कुठे अडखळली तर कागद परत. मग खाली नाव कुणाचं, हा वादच नको."

कुळाच्या दालनात आमचं सगळं लाय आडनावाचं गाव जमलं होतं. तिसरे आजोबा म्हणजे कुळातले वडीलधारे; भावंडांत तिसरे, म्हणून अख्खं गाव त्यांना तसंच म्हणतं. नव्या पुलाशी उभारायचा दगड घासून तयार होता आणि पाथरवट फान छिन्नी मांडीवर ठेवून बसला होता. मजकूर लिहिला होता टोफूवाल्या क्वांगफाच्या मुलीने, युन्हेने. दगडावरची भाषा काही आपली रोजची बोली नव्हे. ती जुन्या वळणाची, घट्ट विणीची लेखी चिनी. त्यात वाक्य संपल्याची साधी खूणसुद्धा नसते. मजकूर कसदार असेल तर वाचणाऱ्याचा श्वास आपसूक योग्य जागी थांबतो. नसेल तर चारचौघांत फजिती.

ही भाषा शिकायला युन्हे नानचांगच्या विद्यापीठात गेली तेव्हा गावाने काय कमी टवाळी केली? चिनी माणसाच्या पोरीने चिनी शिकायला शहरात जायचं! गिऱ्हाइकं क्वांगफाला विचारायची, हे झाल्यावर तिला घास चावायला शिकवणारं कॉलेज शोधतोस का? तो मुकाट्याने टोफू कापत राहायचा. आता तिचं एम. ए.चं शेवटचं वर्ष होतं. तिच्या बाई म्हणे पानभर लिहून आणलं की सांगायच्या, यातलं निम्मं काढ आणि अर्थ तेवढाच ठेव. पहिल्या वर्षी ती घरी फोन करून रडायची.

मजकूर सगळ्यांना हवा होता. नाव तेवढं नको होतं. दालनाच्या भिंतींत जुने लेख बसवलेत, त्यांतल्या एकाखालीही बाईचं नाव नाही, आणि तिसरे आजोबा रीतीचे पक्के. गावप्रमुख पाओलिनने तोडगा काढला होता की खाली बापाचं नाव घालू, घरातलं घरातच राहील.

"उद्या कुणी मला पहिल्या ओळीचा अर्थ विचारला," क्वांगफा म्हणाला, "तर मी काय, टोफू पुढे करू?"

लोक हसले. तो हसला नाही. लेकीचं नाव नसेल तर लेखही मिळणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. जन्मात कधी त्याने गावाशी वाद घातला नव्हता. म्हणून तर ही परीक्षा ठरली: आजोबा न अडखळता वाचून गेले, तर खाली नाव युन्हेचं.

आजोबा वाचू लागले. सुरुवातीला त्यांचा आवाज वकिलासारखा होता, चूक शोधणारा. नदी आली, डोंगर आला, जुना पूल पुरात वाहून गेला. मग आवाज सैल झाला. शब्द आपले आपण दोनदोन, चारचार करून येत होते आणि म्हाताऱ्याची मान त्यांच्याबरोबर डोलायला लागली. आम्हाला त्यातलं अर्धंमुर्धंच कळत होतं, पण ऐकायला गोड वाटत होतं. दाराशी उभ्या बायकाही पुढे सरकल्या. युन्हे खांबाला टेकून उभी होती.

पूल नव्हता तेव्हा शाळेच्या पोरांना पाठुंगळी घेऊन जिने नदीपार नेलं, ती बाई, इथवर आजोबा आले आणि थांबले.

थांबलेच. क्वांगफाने डोळे मिटून घेतले.

पाओलिन त्यांच्या खांद्यावरून डोकावला. "अडकलात ना? बघा, एक अक्षर गाळलंय पोरीने. जागा रिकामी आहे."

"गाळलं नाही. सोडलंय," आजोबा म्हणाले. "थोरामोठ्यांच्या नावाआधी एका अक्षराची जागा मोकळी ठेवायची रीत होती. तिथे वाचणाऱ्याने थांबायचंच असतं."

आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं. चोंग युएलान.

लोक एकमेकांकडे बघू लागले. या नावाचं गावात कुणी नव्हतं. मग दाराशी एक म्हातारी पुटपुटली, अगंबाई, ही तर आपली तिसरी आजी. कुळाच्या वंशावळीत आजोबांच्या बायकोपुढे नुसतं 'लायची बायको, माहेर चोंग' एवढंच आहे. थडग्यावरही तेवढंच. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?" आजोबांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"त्यांनीच," युन्हे म्हणाली. "मी पाठीवर होते. तुमचं नाव काय, म्हणून विचारलं. खूप हसल्या होत्या. म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नाही."

आजोबांनी पुन्हा कागद वर धरला आणि उरलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, उभ्याने, खणखणीत. क्वांगफाला त्यातल्या दोन ओळीही धड कळल्या नसतील. पण आपल्या लेकीचे शब्द अख्खं गाव मान खाली घालून ऐकतंय, हे त्याला कळत होतं. बाहीने डोळे पुसताना त्याला कुणाची लाज वाटली नाही.

आजोबांनी कागद फानच्या हातात दिला. फान घुटमळला. खाली लिहिणाऱ्याचं काय, त्याने विचारलं, आणि तिच्या नावाआधीही जागा सोडायची का?

आजोबांनी युन्हेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जागा नको. अजून पोर आहे ती," ते म्हणाले. "पण नाव खोल कोर."